लावदिकीयाचं पत्र आणि टेबलावरचे भाष्यग्रंथ : अभ्यासपाठाच्या प्रकल्प नोंदी

२ जून

प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातली, आजच्या तुर्कस्तानातल्या सात शहरांतल्या मंडळ्यांना (चर्चना) लिहिलेली पत्रं आमच्या अभ्यासगटात वाटून घेतली आहेत. लावदिकीयाचं पत्र, ३:१४-२२, माझ्याकडे आलं. जुलैमध्ये पाठ घ्यायचे आहेत. सोबत शिक्षकांसाठी टिपणंही तयार करायची आहेत, म्हणजे पुढे हाच भाग दुसऱ्या कुणाला शिकवायचा झाला तर त्याला पहिल्यापासून सगळं जमवावं लागणार नाही.

या नोंदी मुख्यतः भाष्यग्रंथ कसे वापरले त्याच्या. गटात याबद्दल दोन टोकांची मतं आहेत. काही जणांना कॉमेंटरी (भाष्यग्रंथ) म्हणजे माणसाची अक्कल वाटते. पवित्र आत्मा शिकवतो ना, मग पुस्तकं कशाला? काही जण वचन नीट वाचून होण्याआधीच कॉमेंटरीचं पान उघडतात आणि तिथे लिहिलंय तेच वचनात आहे असं धरून चालतात. मला प्रेषितांच्या कृत्यांतले दोन प्रसंग एकत्र धरावेसे वाटतात. आठव्या अध्यायातला कूशी अधिकारी यशया वाचत असतो आणि फिलिप्पाला रथात बसवून घेतो, कारण कुणी उलगडून सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं? सतराव्या अध्यायातले बिरुयाचे लोक मात्र खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्राशी ताडून पाहतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच होतं. मदत घ्यायची आणि ती तपासायचीही. या पाठाच्या तयारीत दोन्ही व्हायला हवं.

३ जून

आज एकही भाष्यग्रंथ उघडला नाही. सातही पत्रं सलग मोठ्याने वाचली, मग लावदिकीयाचं पुन्हा सावकाश.

सलग वाचण्याने बरंच हाती लागलं. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला ख्रिस्ताची जी ओळख येते तिचा धागा बहुतेक वेळा पहिल्या अध्यायात सापडतो. इथला ‘विश्वसनीय साक्षी’ १:५ मध्ये आहे. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोष दिलेला नाही. लावदिकीयाची कशाबद्दलही वाखाणणी नाही. सार्दीसमध्येसुद्धा वस्त्रं न विटाळलेली थोडी माणसं होती, इथे तेवढाही उल्लेख नाही. स्मुर्णाला प्रभू म्हणतो, तू गरीब आहेस तरी श्रीमंत आहेस (२:९). लावदिकीया म्हणते, मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही, आणि प्रभू तिला दरिद्री म्हणतो (३:१७). ही दोन वचनं शेजारी ठेवली की पत्राचं मर्म जवळजवळ कळतंच. त्यासाठी पुस्तक लागत नाही, सातही पत्रं एका बैठकीत वाचण्याचा धीर लागतो.

प्रश्न वहीत उतरवले. ‘थंड असतास तर बरं’ असं प्रभू का म्हणेल? प्रभू आपल्याकडून विकत घ्यायला सांगतो ती सोनं, पांढरी वस्त्रं आणि अंजन ही तीनच का? दाराशी उभा असलेला ख्रिस्त कुणाच्या दाराशी आहे, अविश्वासणाऱ्याच्या की मंडळीच्या? इतकं कडक बोलून झाल्यावर विजय मिळवणाऱ्याला राजासनावर बसवण्याचं वचन, सातांमधलं बहुधा सर्वांत मोठं, याच मंडळीला का?

भाष्यग्रंथाकडे जायचं ते हे प्रश्न घेऊन. प्रश्न न घेता गेलं की ग्रंथकाराचे प्रश्न आपले होऊन बसतात आणि ते कदाचित आपल्या गटाचे नसतातच.

५ जून

पुस्तकं निवडली. प्रकटीकरणावर लिहिलेलं अमाप आहे, सगळं वाचणं शक्य नाही आणि गरजही नाही. एकाच धाटणीची चार पुस्तकं घेण्यापेक्षा चार वेगळ्या कामांची चार बरी, म्हणून असं ठरवलं: उताऱ्याचा ओघ थोडक्यात सांगणारं एक, ऐतिहासिक पार्श्वभूमीचं एक, वचनावचनाची सविस्तर चर्चा करणारं एक, आणि आपल्या काळापासून फार दूरचं एक.

पार्श्वभूमीसाठी विल्यम रॅम्झी यांचं सात पत्रांवरचं १९०४ चं पुस्तक आणि त्याच वाटेने पुढे गेलेलं कॉलिन हेमर यांचं १९८६ चं. सविस्तर चर्चेसाठी ग्रेगरी बील (१९९९) आणि क्रेग कोस्टर (२०१४). बील यांचा भर जुन्या कराराच्या संदर्भांवर आहे, कोस्टर यांचा त्या काळच्या समाजजीवनावर, त्यामुळे दोघांना एकत्र वाचलं की एकाने सोडलेलं दुसऱ्याकडे सापडतं. दूरचं म्हणून व्हिक्टोरिनस, जे इ.स. ३०४ च्या सुमारास मरण पावले. प्रकटीकरणावरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं लॅटिन भाष्य त्यांचं, आणि पुढे बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने त्याची आवृत्ती सुधारली.

सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्याकडे जावंसं वाटत होतं. थोडक्यात आणि स्वच्छ लिहिण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. पण नव्या करारातल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांवर लिहिणाऱ्या कॅल्व्हिनने प्रकटीकरणावर भाष्य लिहिलंच नाही. त्याच काळातला धर्मसुधारक ल्यूथर यानेही १५२२ च्या प्रस्तावनेत या पुस्तकाबद्दल फारशी आस्था दाखवली नव्हती. १५३० मध्ये नवी प्रस्तावना लिहिताना सूर बदलला. एवढी मोठी माणसंही या पुस्तकापुढे थबकली होती, हे गटाला सांगण्याजोगं आहे. प्रकटीकरण समजत नाही म्हणून ओशाळणारे आमच्यात बरेच आहेत.

९ जून

मॅथ्यू हेन्री या जुन्या इंग्रज भाष्यकाराबद्दल एक टिपण, कारण गटात हे नाव सर्वांत जास्त ऐकू येतं. जुना, मोफत मिळणारा, मनाला भिडणारा ग्रंथ. पण हेन्री १७१४ मध्ये वारले तेव्हा त्यांचं काम प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत पोहोचलं होतं. रोमकरांस पत्रापासून पुढचा भाग इतर पाळकांनी पूर्ण केला, आणि मुखपृष्ठावर मात्र हेन्री हेच नाव राहिलं. म्हणजे प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायावर ‘मॅथ्यू हेन्री म्हणतात’ असं आपण सांगतो तेव्हा बोलत असतो दुसराच कुणीतरी. त्यामुळे लिहिलेल्याचं मोल कमी होत नाही; मी तो भाग वाचला आणि बोध म्हणून तो चांगला आहे. मात्र शिक्षकाने कुणाचं नाव घ्यायचं ते जपून.

मोफत मिळणारे बहुतेक भाष्यग्रंथ जुने असतात, कारण त्यांचा स्वामित्वहक्क संपलेला असतो. भक्तिपर वाचनाला त्याने काही बिघडत नाही. शहरं, उत्खनन, शिलालेख यांचा प्रश्न आला की नवं पुस्तक लागतंच. लावदिकीयाचंच घ्या. तिथे अलीकडच्या उत्खननात इ.स. ११४ चा शिलालेख मिळाला, शहराच्या पाणीवापराच्या नियमांचा आणि ते मोडणाऱ्यांच्या दंडाचा. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या भाष्यकाराला तो ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

१४ जून

पाण्यावरून आठवलं. आजचा सगळा दिवस ३:१५-१६ वर गेला. तू थंड नाहीस, गरमही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार, असं प्रभू तिथे म्हणतो.

लावदिकीयाच्या कोमटपणाची एक गोष्ट उपदेशांतून सगळीकडे ऐकू येते. जवळच्या हेरापलीत गरम पाण्याचे झरे होते, ते पाणी नळाने लावदिकीयाला आणत, वाटेत ते निवे आणि शहरात पोहोचेपर्यंत कोमट होई. म्हणून प्रभूने हा दाखला घेतला. गोष्ट सुबक आहे आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. अनेक छोट्या कॉमेंटऱ्यांमध्ये आणि स्टडी बायबलच्या (टिपांसह छापलेल्या बायबलच्या) तळटिपांमध्येही ती याच रूपात आहे.

ती कशावर उभी आहे हे शोधायला बसले. हेरापलीचे गरम झरे खरेच. आज त्या जागेला पामुक्कले म्हणतात आणि पाणी अजून वाहतं. लावदिकीयाला पाणी आणणारी दगडी नळवाहिनीही खरी. तिच्या दगडांत साठलेले क्षारांचे थर आजही दिसतात. पण हेरापली लावदिकीयाच्या उत्तरेला, खोऱ्याच्या पलीकडे, आणि नळवाहिनी येते दक्षिणेकडून, आजच्या देनिझ्ली भागातल्या झऱ्यांकडून. म्हणजे हेरापलीचं गरम पाणी नळाने लावदिकीयाला येई, या भागाला आधार उरत नाही. इ.स. पहिल्या शतकाच्या सुरुवातीचा भूगोलकार स्ट्रेबो या भागातल्या पाण्याबद्दल लिहितो. ते पाणी साचून दगड होतो असं तो म्हणतो, पण लावदिकीयाकडचं पाणी पिण्याजोगं आहे असंही नोंदवतो.

मग उरतं काय? रडविक आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी १९५७ च्या सुमारास मांडलेला मुद्दा अधिक सावध होता. हेरापलीचं गरम पाणी औषधी म्हणून उपयोगाचं, त्याच खोऱ्यातल्या कलस्सै शहराचं थंड पाणी तहान भागवायला उपयोगाचं, लावदिकीयाचं कशालाच नाही. या वाचनात ‘थंड’ म्हणजे अविश्वासू किंवा देवापासून दूर गेलेला असा अर्थ घ्यावा लागत नाही. थंडही चांगलं, गरमही चांगलं. ‘थंड असतास तर बरं’ हे वाक्य सरळ लागतं, आणि हेच या मांडणीचं बळ.

त्याआधीच्या भाष्यकारांना इथे कसरत करावी लागे. गरम म्हणजे आवेशी, थंड म्हणजे उघड विरोधक, आणि उघड विरोधक निदान प्रामाणिक असतो, त्याचं मन वळण्याची आशा अधिक, असं ते समजावत. त्यातही विचार करण्याजोगं आहे. मंदिरातल्या, स्वतःला नीतिमान समजणाऱ्या परूशी आणि पाप कबूल करणाऱ्या जकातदाराचा दाखला त्याच अंगाने जातो.

कोस्टर यांनी २००३ मध्ये तिसरी बाजू पुढे आणली. पाण्याचा प्रश्न एकट्या लावदिकीयाचा नव्हता, म्हणून दाखला शहराच्या नळाचा नसून भोजनपंक्तीचा आहे. त्या काळी जेवताना पेय गरम करून देत किंवा थंड करून देत. कोमट पेय आजूबाजूच्या हवेसारखंच, त्यात स्वतःचं असं काही नाही. मंडळी भोवतालच्या समाजासारखीच झाली आहे, असा रोख. ही बाजू वाचताना मला पत्रातलीच एक गोष्ट जाणवली. प्रत्येक पत्राच्या शेवटाकडे आत्मा ‘मंडळ्यांना’ काय म्हणतो ते ऐकण्याची हाक येते, एका मंडळीला नव्हे. इफिसच्या किंवा थुवतीराच्या माणसालाही हे पत्र ऐकून कळायला हवं होतं. लावदिकीयाच्या नळांची माहिती असल्याशिवाय जो अर्थ लागतच नाही, तो पत्राचा मुख्य अर्थ असेल का?

माझा कौल सध्या असा: गरम आणि थंड दोन्ही उपयोगी, इथवर रडविक-ग्रीन पटतात. नळाची गोष्ट पाठातून काढायची. आणि कोमटपणा म्हणजे काय याचं उत्तर बाहेर शोधण्याआधी सतराव्या वचनात वाचायचं, कारण तिथे प्रभू स्वतःच कारण देतो: तू म्हणतोस मला काही कमी नाही. उपदेशांत कोमटपणा म्हणजे भावनेचा उमाळा नसणं, गाताना हात वर न करणं, असं ऐकायला मिळतं. पत्र तसं म्हणत नाही. पत्रातला कोमट माणूस भरून पावलेला आहे, त्याला प्रभूकडून काही घ्यायचंच नाही.

१५ जून

कालच्या कामातून एक पद्धत निघाली. भाष्यग्रंथातून टिपून घेतलेल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर: ‘व’ म्हणजे वचनातच आहे, ‘पु’ म्हणजे बाहेरचा पुरावा आहे आणि तो कुठला हे ग्रंथकाराने सांगितलं आहे, ‘अं’ म्हणजे ग्रंथकाराचा अंदाज.

अंजनावर हे करून पाहिलं. बहुतेक पुस्तकांत ‘लावदिकीया डोळ्यांच्या अंजनासाठी प्रसिद्ध होती’ असं एकच ठाम वाक्य येतं. ते सोडवलं तर तीन तुकडे पडतात. लावदिकीयाच्या परिसरात, मेन देवाच्या मंदिराशी जोडलेली वैद्यकशाळा होती: पु, स्ट्रेबोचा उल्लेख. त्या शाळेच्या प्रमुखाचा एक शिष्य, दिमॉस्थेनीस, नेत्ररोगांवर लिहिणारा नामांकित वैद्य होता: पु. म्हणून लावदिकीयात अंजन तयार होऊन विकलं जात असे: अं. अंदाज वाजवी आहे, मी पाठात तो सांगणारही आहे, पण ‘असं असावं’ म्हणून.

भूकंपाचंही असंच. इ.स. ६० मध्ये लावदिकीया भूकंपाने पडली आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभी राहिली, हे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो. पुरावा भक्कम. ‘मला काही कमी नाही’ हे शब्द त्या घटनेकडे बोट दाखवतात, हा मात्र अंदाज. प्रकटीकरण रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीचं, इ.स. ९५ च्या आसपासचं मानलं, तर मधे जवळपास एक पिढी गेलेली असते. शहराचा अभिमान एवढा टिकू शकतो, आपल्या पुराने किंवा भूकंपाने पडलेल्या कुठल्याही गावाला विचारावं. तरी अक्षर ‘अं’च.

आणखी एक गोष्ट यातून लक्षात आली. चार पुस्तकांत एकच माहिती सापडली म्हणजे चार साक्षीदार मिळाले असं होत नाही. चौघांच्या तळटिपा उलगडत गेलं की अनेकदा चौघंही रॅम्झीपाशी किंवा हेमरपाशी येऊन थांबतात. साक्षीदार तो एकच.

२१ जून

बील यांच्या ग्रंथात आज बराच वेळ गेला. जड वाचन आहे, पण त्यांनी दाखवलेला एक संदर्भ तरी पाठात हवाच. जुन्या करारातल्या होशेय १२:८ मध्ये एफ्राईम, म्हणजे इस्राएल, म्हणतो, मी श्रीमंत झालो आहे, मला धन मिळालं आहे, माझ्या मिळकतीत कुणाला पाप सापडणार नाही. लावदिकीयाचं बोलणं जवळजवळ हेच. भूकंपाची माहिती नसलेल्या, पण होशेय ऐकलेल्या कुठल्याही मंडळीला हा सूर ओळखू आला असता. प्रभू लावदिकीयाला केवळ एक श्रीमंत शहर म्हणून बोलत नाही, संदेष्टे ज्या लोकांना हाक मारत आले त्यांच्या रांगेत तिला उभी करतो.

पांढऱ्या वस्त्रांबद्दल पुस्तकं सांगतात की लावदिकीया काळ्या लोकरीसाठी नावाजलेली होती, म्हणून पांढऱ्याचा विरोध. लोकरीचा उल्लेख स्ट्रेबोत आहे, खरा आहे. पण पांढरी वस्त्रं सार्दीसच्या पत्रातही आहेत (३:४-५), चोवीस वडिलांच्या अंगावर आहेत (४:४), मोठ्या समुदायाच्या अंगावर आहेत (७:९). या पुस्तकात पांढरं वस्त्र जिथे तिथे येतं, ते लोकरीमुळे आलेलं नाही. पाठात लोकरीला एका वाक्याहून जास्त जागा द्यायची नाही.

कलस्सैकरांस पत्रही आज पुन्हा वाचलं. पौलाने लावदिकीयाचं तोंड पाहिलेलं नव्हतं (२:१), तरी तो तिच्यासाठी झटत होता; त्याचा सहकारी एपफ्रास लावदिकीया आणि हेरापलीतल्या लोकांसाठी श्रम घेत होता (४:१३); कलस्सैचं पत्र लावदिकीयात वाचून दाखवायचं होतं (४:१६). म्हणजे ख्रिस्त सर्व सृष्टीच्या आधीचा, त्याच्यातच तुम्ही परिपूर्ण झालेले आहात, हे या मंडळीने एकदा ऐकलेलं होतं. नंतर तिला कशाचीच उणीव भासेनाशी झाली, प्रभूचीसुद्धा. मला हे वाचताना वाईट वाटलं, आणि आपल्याही मंडळीबद्दल विचार करत बसले.

२८ जून

सकाळच्या मननाच्या वेळी भाष्यग्रंथ टेबलावर ठेवायचा नाही, असं ठरवलं आहे. पाठाची तयारी संध्याकाळी. दोन्ही एकत्र केलं की प्रार्थनेतसुद्धा टिपणं सुचायला लागतात. सकाळी फक्त वचन आणि त्या वचनाने माझ्याकडे काय मागितलं ते.

संध्याकाळचं काम आज सोपं होतं: प्रत्येक ग्रंथाची प्रस्तावना. एरवी ती ओलांडून थेट आपल्या वचनाचं पान काढण्याची सवय असते. प्रकटीकरणाच्या बाबतीत तसं करून चालत नाही, कारण ग्रंथकार या पुस्तकाकडे कसं बघतो ते प्रस्तावनेत कळतं. कुणी यातलं बहुतेक पहिल्या शतकातच घडून गेलं असं मानतो, कुणी मंडळीचा सारा इतिहास यात क्रमाने पाहतो, कुणी चौथ्या अध्यायापासून पुढचं सगळं अजून व्हायचंय म्हणतो, कुणी प्रत्येक काळाला लागू पडणारी चित्रं म्हणून वाचतो.

लावदिकीयाच्या पत्रावर याचा थेट परिणाम होतो. सात मंडळ्या म्हणजे मंडळीच्या इतिहासातले सात कालखंड, आणि लावदिकीया म्हणजे शेवटचा, आपला काळ, हे मत बरंच पसरलेलं आहे; १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलने ते घरोघरी नेलं. मला ते पटत नाही. पत्रं खऱ्या शहरांतल्या खऱ्या मंडळ्यांना लिहिलेली आहेत, आणि कुठल्याही काळात स्मुर्णासारख्या छळ सोसणाऱ्या मंडळ्या आणि लावदिकीयासारख्या तृप्त मंडळ्या एकाच वेळी असतात. ‘आमचा काळ लावदिकीयाचा’ म्हटलं की दोष काळावर जातो आणि आपण मोकळे होतो. पण गटात हे मत मनापासून मानणारे ज्येष्ठ आहेत. पाठात त्यांचं मत आदराने, नीट मांडायचं, मग वचनातली कारणं द्यायची.

५ जुलै

पहिला पाठ झाला.

सुरुवातीचा सगळा वेळ पुस्तकांची नावं घेतली नाहीत. स्मुर्णाचं आणि लावदिकीयाचं पत्र दोघांनी आळीपाळीने वाचलं आणि फरक सांगायला लावले. गरीब-श्रीमंतचा फरक एका कॉलेजातल्या मुलाने लगेच पकडला. तो त्याला स्वतःला दिसला, ही गोष्ट मी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोलाची.

मग पंधराव्या वचनावर तीन वाचनं मांडली आणि प्रत्येकाला विचारलं, सतराव्या वचनाशी कुठलं सर्वांत चांगलं जुळतं? चर्चा रंगली. नळाच्या गोष्टीला आधार नाही हे सांगितल्यावर एक काका जरा अस्वस्थ झाले. “आम्ही किती वर्षं हेच ऐकत आलो. पाळकसाहेबांनी सांगितलेलं.” मी म्हटलं, “काका, त्यांनी सांगितलेला बोध तसाच राहतो, कोमटपणा प्रभूला सहन होत नाही. फक्त पाणी कुठून येत होतं तेवढं आता अधिक कळलंय.” त्यांनी नकाशा मागितला, खोऱ्यातली तिन्ही शहरं बोटाने दाखवून घेतली आणि म्हणाले, पुढच्या वेळी मीच सांगेन.

शिक्षकांच्या टिपणात: नकाशा जरूर ठेवावा.

१२ जुलै

दुसरा पाठ, विसावं वचन. याची सर्वांत जास्त काळजी वाटत होती.

दाराशी उभा राहून ठोठावणारा ख्रिस्त सुवार्तेच्या पत्रकांवर असतो, अविश्वासणाऱ्याला उद्देशून. भाष्यकार बहुतेक एकमुखाने सांगतात की पत्र मंडळीला आहे, म्हणून दारही मंडळीचं. पुढे मतं फुटतात. कुणी हे आताच्या सहभागितेचं आमंत्रण मानतं, एकत्र जेवण्याच्या शब्दांमुळे. कुणी येणाऱ्या न्यायाधीशाचं चित्र पाहतं, याकोब ५:९ मधल्या दाराशी उभ्या असलेल्या न्यायाधीशामुळे आणि लूक १२:३६ मधल्या लग्नाहून परतणाऱ्या धन्यामुळे. गीतरत्न ५:२ मधल्या दार ठोठावणाऱ्या प्रियकराकडेही बोट दाखवलं जातं. मला पहिलं वाचन एकोणिसाव्या वचनाशी जास्त सुसंगत वाटतं: ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांनाच तो दोष दाखवतो आणि शिस्त लावतो, जशी नीतिसूत्रे ३:१२ ची भाषा आहे. प्रेमाने बोललेल्याच्या लगेच पुढे ठोठावणं येतं. तरी त्या ठोठावण्यात त्याच्या पुन्हा येण्याची आठवणही आहे. पुढच्याच वचनात राजासन आहे.

हे मांडून झाल्यावर गटातल्या एका मावशींनी विचारलं, “अगं, मी तर याच वचनाने विश्वासात आले. त्या दिवशी प्रभू माझ्याच दाराशी होता असं मला वाटलं. मग ते खोटं का?”

अशा प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कॉमेंटरीत या शब्दांत मिळणार नव्हतं, पण कॉमेंटऱ्या वाचल्यामुळेच उत्तराचा धागा हातात होता. मी त्यांना वचन पुन्हा वाचायला सांगितलं. पत्र मंडळीला आहे, पण हाक आहे ‘जर कोणी’ ऐकेल त्याला, एकेकट्याला. सगळी मंडळी तृप्त होऊन बसली असली तरी एक माणूस उठून दार उघडू शकतो. “मावशी, तुम्ही दार उघडलंत ते खरंच उघडलंत. आज हे वचन आणखी एक गोष्ट सांगतंय: आत आलेल्यांनीही दार उघडं ठेवायचं असतं.” त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे आता मलाही आहे.” सगळ्या गटाने ते ऐकलं, आणि मला पाठात याहून नेमकं बोलता आलं नसतं.

१९ जुलै

फिलदेल्फियाचा पाठ घेणाऱ्या भावाने फोन केला. त्याचा प्रश्न: कॉमेंटरीतला परिच्छेद आवडला, तसाच वाचून दाखवला तर? चालेल, लेखकाचं नाव सांगून. नाव न सांगता दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून बोलणं मला पटत नाही. ऐकणाऱ्यांचा आपल्यावर विश्वास असतो. नव्या ग्रंथांची पानंच्या पानं छापून वाटायचीही नाहीत, त्यावर हक्क असतात. त्यापेक्षा परिच्छेद समजून घेऊन आपल्या शब्दांत, आपल्या गटाच्या प्रश्नाला जोडून सांगणं केव्हाही बरं.

त्याने आणखी विचारलं, दोन ग्रंथ एकमेकांच्या विरुद्ध बोलतात तेव्हा काय करायचं? मी म्हटलं, मतं मोजू नकोस, कारणं लिहून काढ. कोण वचनातल्या ओघाला धरून आहे, कोण बाहेरून माहिती आणून वचनावर बसवतोय ते पाहा. आणि दोघांचीही कारणं चांगली असली तर गटाला दोन्ही सांग. लोक गोंधळत नाहीत, उलट वचन जास्त लक्ष देऊन वाचतात.

२६ जुलै

टिपणं पूर्ण झाली. त्यांत ठेवलं ते असं: आधी प्रश्न, मग उताऱ्याची रूपरेषा, मग वचनावार टिपणं समासातल्या अक्षरांसकट. ‘अं’ लिहिलेल्या वाक्यांना फिक्या शाईत छापायचं आहे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या नजरेत लगेच येईल. व्हिक्टोरिनसचा एकच मुद्दा घेतला. तोही सात मंडळ्यांना लिहिलेलं सगळ्या मंडळीसाठी आहे असं मानतो. तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या माणसाने हे पत्र आपल्यासारखंच स्वतःला लावून वाचलं, हे गटाला आवडलं होतं.

काढून टाकलेलं बरंच आहे. नळाची गोष्ट, अर्थात. पण ‘ही गोष्ट का सांगू नये’ अशी दोन ओळींची टीप ठेवली, कारण पुढच्या शिक्षकाला ती कुठे ना कुठे भेटणारच. लोकरीवरचं पान काढलं. रोमन वक्ता सिसेरो लावदिकीयात हुंडी वटवत असे हे मला वाचायला फार आवडलं होतं, तेही काढलं. शहर श्रीमंत होतं हे दाखवायला भूकंपाची नोंद पुरेशी आहे.

मागच्या पाठात काकांनी नकाशा समोर धरून खोरं समजावलं. मावशींनी सांगितलं की त्या आता सातही पत्रं रोज एक अशी मोठ्याने वाचतात, आधी स्वतः, मग टिपण. सार्दीसचा पाठ अजून कुणी घेतलेला नाही. पांढऱ्या वस्त्रांचं टिपण तिथे जास्त उपयोगी पडेल, म्हणून ते वेगळं काढून सार्दीसच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे, ३:४-५ आणि ७:९-१४ एकत्र वाचावेत अशा सूचनेसह.